पांथरी काढल्यानंतर (आयटीपी) : पावसाळ्यात घरी काय काळजी घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात बायकोची पांथरी (प्लीहा, इंग्रजीत स्प्लीन) काढली. पुण्यात, दुर्बिणीतून. कारण आयटीपी, म्हणजे शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्सवर (रक्त गोठवणाऱ्या पेशींवर) उठतं आणि पांथरी त्या गाळून संपवते. वय ३८. चार वर्षं हेच चालू होतं. पायांवर बारीक लाल ठिपके, कुठे आपटलेलं नसताना काळेनिळे डाग, पाळीचे हाल तर विचारूच नका. प्लेटलेट्सचा काउंट दीड लाखाच्या वर हवा, हिचा कधी आठ हजार, कधी बारा हजार. वायसोलोन (स्टिरॉइडची गोळी) वाढवलं की चढायचा, कमी केलं की घसरायचा. तोंड सुजलं, साखर वाढली. रिटुक्सिमॅबच्या इंजेक्शनांवर काही महिने बरे गेले, मग पुन्हा तेच. एल्ट्रोम्बोपॅग ही प्लेटलेट्स वाढवणारी गोळी कायम घ्यायची तर खर्च आवाक्याबाहेर. शेवटी ऑपरेशन.

आता काउंट आहे नऊ लाख! नातेवाईक म्हणतात पेढे वाटा. डॉक्टरांनी मात्र ॲस्पिरिन ७५ सुरू केलंय. ज्या घरात रक्तस्राव वाढेल म्हणून चार वर्षं ॲस्पिरिन-ब्रुफेनला उंबरठ्याच्या आत येऊ दिलं नाही, तिथे आता रोज जेवणानंतर तीच गोळी. प्लेटलेट्स एवढ्या वाढल्या की पोटातल्या शिरेत गुठळी होऊ शकते, असं त्यांनी समजावलं. कळलं, पण मन अजून धजत नाही. हे किती दिवस चालतं?

दुसरं म्हणजे ताप. डिस्चार्जच्या कागदावर ठळक लिहिलंय की ताप आला तर ताबडतोब दवाखाना. आम्ही चिपळूणजवळ राहतो. इथे पावसाळ्यात घरटी एकाला ताप असतोच. मलेरिया, डेंगी, लेप्टो, नाहीतर नुसतं भिजणं. शिवाय ती प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणजे वर्गभर शेंबडी नाकं. प्रत्येक कणकणीला धावायचं का? न्यूमोनियाची लस ऑपरेशनआधी झाली, मेनिंजायटिसची तेव्हा मिळाली नाही.

बाकी जखमा सुकल्यात. डावा खांदा सुरुवातीला भयंकर दुखायचा, तो गॅसमुळे म्हणे, आता थांबला. फुप्फुसांच्या व्यायामासाठी तीन चेंडूंचं फुंकायचं यंत्र दिलंय (खरं तर आत ओढायचं असतं). दुसरा चेंडू उचलतो, तिसरा जागचा हलत नाही. लेक मात्र तिन्ही एका दमात वर नेते आणि आईला चिडवते. कळशी उचलणं कधीपासून चालेल?

ज्यांनी हे स्वतः भोगलंय किंवा घरात पाहिलंय त्यांनी कृपया सांगा. "डॉक्टरांना विचारा" हे माहीत आहे, पुढची तारीख घेतलेली आहे.

प्रतिसाद : सोनचाफा
पपईच्या कोवळ्या पानांचा रस द्या, आमच्या शेजाऱ्यांच्या डेंगीत दोन दिवसांत प्लेटलेट्स वाढल्या.

धागाकर्ता
धन्यवाद, पण आमच्याकडे सध्या वाढलेल्या खाली आणायच्या आहेत :)

प्रतिसाद : घाटावरची
माझी पांथरी २००९ मध्ये काढली, आयटीपीसाठीच. तापाबद्दल अजिबात सूट नाही. १०० पॉइंट ४ च्या वर गेला, किंवा ताप कमी असूनही थंडी वाजून अंग थडथडलं, की निघायचं. डोलो देऊन सकाळपर्यंत बघू, हे तुमच्या घरातून हद्दपार करा. न्यूमोकोकससारखे काही जंतू रक्तातून गाळण्याचं काम पांथरी करते. ती नसली की सकाळचा ताप रात्रीपर्यंत आयसीयूत नेऊ शकतो. असं क्वचित होतं, पण होतं तेव्हा वेळ देत नाही, आणि हा धोका जन्मभर राहतो. म्हणून अँटिबायोटिकचा एक कोर्स घरात ठेवायला लिहून घ्या. पहिला डोस घ्यायचा आणि मग गाडीत बसायचं, डोस घेतला म्हणून घरी थांबायचं नाही. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच : पांथरी काढलेली आहे. मी मोबाइलच्या कव्हरमध्ये तशी चिठ्ठी ठेवते.

ताप नसलेली सर्दी-खोकला असेल तर मी धावत नाही. शेंबडी नाकं चालतात हो!

मलेरिया मात्र आपल्याला जोरात होतो, तेव्हा मच्छरदाणी हवीच. आणि कुत्रं चावलं तर रेबीजच्या इंजेक्शनवर थांबू नका, लगेच अँटिबायोटिकही लागतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, वाचून कळलं.

लशी : न्यूमोनियाची पहिली झाली असेल तर आठ आठवड्यांनी तेवीसवाली (न्यूमोकोकसच्या तेवीस प्रकारांवरची), ती पाच वर्षांनी पुन्हा. मेनिंजायटिसचे दोन डोस. हिब नावाच्या जंतूवरची एक. फ्लूची दरवर्षी. रिटुक्सिमॅब कधी झालं ते लस देणाऱ्याला जरूर सांगा, त्यानंतर सहा महिने तरी लस नीट लागू पडत नाही.

कळशीचं म्हणाल तर मला सहा आठवडे मनाई होती. दुर्बिणीचं असलं तरी आतून भरायला वेळ लागतोच.

प्रतिसाद : सूक्ष्मदर्शक
लॅबमध्ये काम करतो. ऑपरेशननंतर काउंट साधारण एक-दोन आठवड्यांत शिखर गाठतो, मग काही आठवडे-महिन्यांत उतरतो. ॲस्पिरिन कधी थांबवायचं ते त्या उतारावर ठरतं, स्वतःहून बंद करू नका. पोटात नवं दुखणं, उलट्या किंवा ताप आला तर सोनोग्राफीसाठी तारखेची वाट बघू नये. पुढच्या रिपोर्टमध्ये 'हॉवेल-जॉली बॉडीज' (लाल पेशींतले बारीक ठिपके, जे एरवी पांथरी काढून टाकते) दिसतील, पांढऱ्या पेशीही थोड्या जास्त असतील. घाबरू नका, पांथरी नसलेल्यांचं रक्त असंच दिसतं. पुढे कधी काउंट पुन्हा पडला आणि त्या बॉडीज दिसेनाशा झाल्या, तर पोटात छोटी जादा पांथरी राहिली आहे का ते शोधतात.

धागाकर्ता
घाटावरची ताई, सूक्ष्मदर्शक, मनापासून आभार. अँटिबायोटिक आज डॉक्टरांकडून लिहून घेतलं, डोसही कागदावर मागितला. चिठ्ठीची कल्पना बायकोला पटली, लेक ती रंगवायला बसली आहे.

रिटुक्सिमॅब दिवाळीनंतर झालं होतं आणि न्यूमोनियाची लस मेमध्ये, म्हणजे सहा महिने जेमतेम. हे तारखेला विचारेनच. मेनिंजायटिसची लस चिपळूण, रत्नागिरी किंवा कराडकडे कुठे मिळते हे कोणाला ठाऊक असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. इथल्या दोन मेडिकलवाल्यांनी मागवून देतो म्हटलंय, पण लस थंड ठेवून आणतील याची खात्री वाटत नाही.