अलास्काचं तेल आणि निपाणीचा पंप

अमेरिकेच्या अलास्का राज्यातलं आर्क्टिक अभयारण्य तेलासाठी खोदलं की महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या निपाणीच्या पंपावर भाव उतरेल, असं काहीजण म्हणतात. हिशेब मांडून बघा. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती खात्याचा २००८ चा अंदाज असा: मंजुरीनंतर पहिलं तेल यायलाच सुमारे १० वर्षं, मग चढत चढत ऐन भरात दिवसाला ७.८ लाख बॅरल. जग दिवसाला १० कोटींच्या आसपास बॅरल जाळतं, म्हणजे हा जेमतेम पाऊण टक्का. भावातली घट बॅरलमागे साधारण ७५ सेंट. बॅरल १५९ लिटरचं, डॉलर ८५ रुपयांचा धरा: लिटरला ४० पैसे! तेही ओपेकनं, म्हणजे तेल निर्यातदार देशांच्या संघटनेनं, तेवढंच उत्पादन कमी केलं नाही तर. बर्फाळ दलदलीवरचे रस्ते, आधीच्या १,२८७ किलोमीटरच्या नळवाहिनीपर्यंतची जोडणी, हा खर्च वेगळाच. तिथं तेल काढायच्या भाडेपट्ट्यांच्या जानेवारी २०२५ च्या लिलावात एकही बोली आली नाही, यातच काय ते समजा.

उलट कर्नाटकानं जून २०२४ मध्ये इंधनावरचा विक्रीकर वाढवला, तर पेट्रोल आणि डिझेल दोन्ही लिटरला सुमारे ३ रुपयांनी चढलं. सीमेपलीकडचे ट्रकवाले डिझेल कुठं भरायचं ते दोन राज्यांच्या करातला फरक बघून ठरवतात, अलास्का बघून नव्हे.