मदत हवी आहे: भिकनबाबांच्या पणतूसाठी 'राहिला', 'जगला' अशा अर्थाचं नाव

नमस्कार मंडळी,

मी मूळची अमळनेर तालुक्यातली. भावाला मुलगा झालाय आणि फुई (आत्या) म्हणून नाव मला ठेवायचंय. बाळ सातमाशी, वजन १४०० ग्रॅम. धुळ्याला ३२ दिवस काचेत होतं. आता घरी आलंय, अंगावर पितंय. बारसं मात्र राहिलंय आणि माय रोज फोन करून विचारते.

आमच्या आजोबांचं नाव भिकन. आधीची तीन लेकरं गेली, म्हणून त्यांच्या आईनं पाच घरी पदर पसरून दाणे मागितले आणि गल्लीभर सांगितलं, "हाऊ भीक मांगीसन आनेल आंडोर शे, आमना नही." (हा भीक मागून आणलेला मुलगा आहे, आमचा नाही.) आजोबा ८६ वर्षं जगले.

दादाला तोच अर्थ पुढे न्यायचाय. वहिनीला शाळेत पोरं चिडवतील ही काळजी आहे, आणि ती खरीच आहे. कोणत्याही भाषेतलं, कोणत्याही धर्मातलं नाव चालेल, फक्त अर्थ खरा हवा. एका संकेतस्थळावर 'आरव म्हणजे शांत' असं वाचलं. बरोबर आहे का?

तापीकाठ
ताई, आधी आरवचं सांगतो. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा. 'रव'सारखाच 'रु' धातूतला. शांत याच्या अगदी उलट. नाव वाईट नाही, पण तुम्हाला हवा तो अर्थ त्यात नाही.

घाई करू नका. जन्माची नोंद झाली असेल तर नाव नंतरही घालता येतं, १२ महिन्यांपर्यंत फी लागत नाही.

सुपडूची नात
माझे आजोबा सुपडू! जन्मल्यावर सुपात घालून शेजारणीला दिले आणि मूठभर कोंडा देऊन परत घेतले. कोंडू, कोंडाजीही त्यातलेच. शेनफडू, उखर्डू (उकिरड्यावरून), दगडू, धोंडू ही सगळी नावं मरणाला फसवायला ठेवलेली: पोर इतकं टाकाऊ दाखवायचं की नजर वळूच नये. नथ्थूचं नाक टोचायचे, मुलगी वाटावी म्हणून. भिकन तर आपल्याकडे हिंदू घरातही आहे आणि मुसलमान घरातही, भीती दोन्हीकडे सारखीच. या नावांना कुणी गावंढळ म्हटलं की मला फार लागतं. त्यामागे एकेका बाईनं पुरलेली लेकरं आहेत.

भाषावेडा
हे जगभर आहे. मंगोलियात 'नेरगुई' म्हणजे बिननावाचा, 'एनेबिश' म्हणजे हा नव्हे. तुमच्या पणजीचं 'आमना नही' तेच तर आहे. चीनच्या खेड्यांत 'गोउशेंग' म्हणायचे, कुत्र्यानं उरवलेला. तुर्कस्तानात 'सातिल्मिश' म्हणजे विकलेला, आणि 'दुर्सुन' म्हणजे थांबू दे, राहू दे. नायजेरियातल्या योरुबा लोकांत 'कोसोको' म्हणजे कुदळच नाही, म्हणजे खड्डा खणायला काही उरलं नाही. पूर्व युरोपातले ज्यू आजारी पोराला 'आल्टर', म्हणजे म्हातारा, म्हणायचे. मृत्यूचा दूत तान्ह्याला शोधत आला तर चुकावा.

थेट जगण्याची नावं: तुर्की 'यशार' (जगतो), हिब्रू 'हायिम' (जीवन), अरबी 'उमर' (आपला 'उमर' म्हणजे वय हा शब्द त्याच मुळातला). मुलगी असती तर 'आयेशा', जगणारी. आपल्याकडे जीवन, आयुष, चिरायू.

तापीकाठ
यशार आपल्याकडे 'यश'शी जोडला जाईल आणि मूळ अर्थ हरवेल. मी चिरायू घेतलं असतं.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. कोसोको ऐकून माय उठून आत गेली. यशार दादाला आवडलं होतं, पण तापीकाठ म्हणतात ते पटलं.

मग वहिनी बोलली. म्हणाली, "ते ३२ दिवस काचेसमोर उभी राहून मी तरी काय करत होते? भीकच मागत होते ना." घरात भिकन म्हणायचं, हे तिनंच ठरवलं. कागदावर चिरायू.

आता एकच शंका: दाखल्यावर चिरायु लिहायचं की चिरायू? रविवारी बारसं आहे.

भाषावेडा
मराठीत शेवटचा उकार दीर्घ. चिरायू. बाळाला पापा.