रोजच्या वापरासाठी चालवायला मजेदार जुनी गाडी : कासारवडवली ते महापे, अंदाजपत्रक सहा लाख

कासारवडवलीकर :

नमस्कार. मी घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीला राहतो आणि कामासाठी रोज महाप्याला जातो. सध्याची डिझेल सेदान विकून तिच्या जागी चालवण्याचा आनंद देणारी जुनी गाडी घ्यावी, असे मनात आहे. हाताशी सहा लाख रुपये आहेत आणि गाडी नावावर करण्याचा खर्च, विमा व पहिली मोठी दुरुस्ती हे सारे त्यातच बसवायचे आहे. मला वेगाचे विक्रम करायचे नाहीत. स्टीअरिंगमधून रस्ता हाताला कळावा, गिअर टाकताना समाधान वाटावे आणि एखाद्या रविवारी पहाटे मुरबाडमार्गे निघाल्यावर माळशेज घाट लवकर संपला याची हळहळ वाटावी, एवढीच अपेक्षा आहे. घरात पत्नी आणि शाळकरी मुलगी असल्यामुळे मागची आसने बसण्याजोगी हवीत.

सध्या तीन गाड्या डोळ्यांसमोर आहेत : २०१६ची फियाटची अबार्थ पुंटो, २०१५ची फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय (ऑटोमॅटिक) आणि दिल्ली पासिंगची, २०१२ची एक जर्मन पेट्रोल सेदान, जिची किंमत मोहात पाडण्याइतकी कमी सांगितली जात आहे. आपण कोणती घ्याल, आणि यांखेरीज माझ्या नजरेतून सुटलेली एखादी गाडी आहे का?

पारसिकचा पायथा :

आपण जे वर्णन केले आहे ते वाचून पहिले नाव अबार्थ पुंटोचेच येते. १.४ लिटरचे टी-जेट टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ पीएस (अश्वशक्ती), २१२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक, असा ऐवज २०१५ साली दहा लाखांच्या आत एक्स-शोरूम किमतीत आपल्याकडे मिळू लागला, तेव्हा त्या किमतीत तिच्या जवळपास जाणारे दुसरे काही नव्हते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिचे पॉवर स्टीअरिंग हायड्रॉलिक आहे. आजच्या विजेच्या मोटरवर चालणाऱ्या हलक्या स्टीअरिंगची सवय झालेल्या माणसाला ते पार्किंगमध्ये जड वाटेल, परंतु वळणावर पुढच्या चाकांची पकड कुठे सुटू पाहते आहे हे तळहाताला इतके स्पष्ट कळते की घाटात त्याची किंमत वसूल होते.

आता दुसरी बाजू. कमी फेऱ्यांवर टर्बो जागा होत नाही, त्यामुळे माजिवड्याच्या गर्दीत ती सुस्त वाटते आणि क्लचवर पाय ठेवून ठेवून पोटरी भरून येते. गाडी रांजणगावच्या कारखान्यात बनलेली असल्याने साध्या पुंटोशी आणि फियाटच्याच लिनियाशी सामाईक असलेले भाग अजून मिळतात. केवळ अबार्थचे असलेले भाग मात्र शोधावे लागतात आणि तोवर गाडी गॅरेजमध्ये उभी राहते. फियाटने आपल्या देशातील मोटारविक्री थांबवून बराच काळ लोटला आहे, हे विसरता येणार नाही. घरात दुसरी गाडी असती, तर मी डोळे झाकून अबार्थ घ्या म्हटले असते. आपली ती एकमेव गाडी असणार असेल, तर निर्णय अवघड आहे.

खाडीपलीकडचा :

आपल्या प्रश्नातील ‘रोज’ हा शब्द वरच्या उत्तरात थोडा मागे पडला, असे मला वाटते. कासारवडवलीहून निघून माजिवडा, कळवा, विटावा असे करत ठाणे–बेलापूर रस्ता गाठणाऱ्या माणसाच्या वाट्याला बहुतांश वेळ पहिला आणि दुसरा गिअरच येतो. पुढे रबाळे ते महापे या टप्प्यात रस्ता मोकळा मिळाला तर तिसरा-चौथा. म्हणजे आपल्याला मजा मिळणार आहे ती तीस ते सत्तरच्या वेगात, सिग्नल सुटल्यावर, उड्डाणपुलाच्या चढावर आणि वळणातून बाहेर पडताना. तेथे एकूण अश्वशक्तीपेक्षा गाडीचे वजन कमी असणे आणि टॉर्क लवकर मिळणे अधिक कामाचे असते. दोनशेच्या पुढचा वेग ज्या गाडीला शोभतो, ती गाडी या रस्त्यावर सतत आवरूनच चालवावी लागते, आणि त्यात गंमत नाही.

या कसोटीवर २०१५ची जीटी टीएसआय पाहा. १.२ लिटर, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर. इंजिन खरोखर गोड आहे आणि मोकळ्या रस्त्यावर गिअर इतके झटपट बदलतात की मॅन्युअलची आठवण येत नाही. परंतु तिचा सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स कोरड्या दुहेरी क्लचचा आहे. क्लच तेलात बुडालेले नसल्यामुळे घर्षणातून निघालेली उष्णता लवकर वाहून जात नाही. गाडी मुंगीच्या चालीने सरकत असताना क्लच पूर्ण जोडलेला नसतो व पूर्ण सुटलेलाही नसतो, तो घासत राहतो, तापतो आणि झिजतो. या गिअरबॉक्सचे नियंत्रण करणारे मेकॅट्रॉनिक युनिट हाही सर्वांना ठाऊक असलेला दुखरा भाग आहे आणि ते बदलण्याचा खर्च लाखाच्या घरात जातो. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोची कामे आणि अवजड वाहने यांच्यामध्ये रोज अडकणाऱ्या माणसाने दहा वर्षांचा असा गिअरबॉक्स विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मागच्या मालकाने तो कुठल्या रहदारीत वापरला, हे ओडोमीटर सांगत नाही.

त्याऐवजी दोन नावे सुचवतो. पहिले, २०२० ते २०२२ या काळातील पोलो १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. ११० पीएस, टॉर्क तोच १७५. दारे बंद होतानाचा तो भरीव आवाज आणि खड्ड्यांवरची निर्धास्त चाल यांच्या ओढीने लोक आजही तिच्यासाठी चढी किंमत मोजतात. म्हणून ती आपल्या सहा लाखांत दुरुस्तीची तरतूद ठेवून बसेलच असे नाही. दुसरे नाव बहुतेक जण विसरतात : मारुती सुझुकीची बलेनो आरएस. २०१७ साली आली, २०२०च्या सुरुवातीला बंद झाली. एक लिटरचे तीन सिलिंडरचे बूस्टरजेट टर्बो इंजिन, १०२ पीएस, १५० न्यूटन-मीटर, पाच गिअर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. आकडे डोळे दिपवणारे नाहीत, पण गाडीचे वजन साडेनऊशे किलोच्या आसपास आहे, आणि हलकेपणाचा फायदा वेग वाढवतानाच नव्हे, तर ब्रेक दाबताना व दिशा बदलतानाही मिळतो. स्टीअरिंग अबार्थच्या पासंगालाही पुरणार नाही, हे मान्य करतो. मागची जागा मात्र ऐसपैस आहे. बॉडीचे आणि सस्पेन्शनचे बरेच भाग साध्या बलेनोचेच आहेत, त्यामुळे ठाणे-नवी मुंबईतील कोणत्याही नाक्यावरचा मेकॅनिक तिला हात लावायला घाबरत नाही. इंजिन तेवढे वेगळे आहे. त्याच्या भागांना वेळ लागू शकतो.

टाटाची टियागो जेटीपी हीसुद्धा पाहण्याजोगी आहे (११४ पीएस, २०१८ ते २०२०), पण ती फार थोडी विकली गेल्याने जवळपास चांगली मिळणे नशिबावर अवलंबून आहे.

कासारवडवलीकर :

दोघांचेही आभार. डीएसजीचे कारण पटले, ती गाडी यादीतून काढतो. दिल्लीच्या सेदानविषयी कोणीच बोलले नाही, ते मौन पुरेसे बोलके आहे का?

सीवूड्सची शिस्त :

मौन नको, कारणे सांगतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढील डिझेल आणि पंधरा वर्षांपुढील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तेथील जुन्या गाड्या स्वस्त होऊन इतर राज्यांत येतात. स्वस्ताई तेथेच संपते. मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र (एनओसी, फॉर्म २८) घेऊन गाडी येथे पुन्हा नोंदवावी लागते, महाराष्ट्राचा मोटार वाहन कर भरावा लागतो आणि दिल्लीत भरलेल्या कराच्या परताव्यामागे तेथील कार्यालयात धावावे लागते. शिवाय २०१२च्या पेट्रोल गाडीची मूळ नोंदणी २०२७ला संपते; त्यानंतर योग्यता तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण आणि पर्यावरण कर. महागड्या गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. मागच्या चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीचा तोल माळशेजमध्ये स्वर्गीय वाटेल यात शंका नाही, परंतु सस्पेन्शनचे बुश आणि आर्म बदलण्याचे एकच बिल आपली सारी तरतूद गिळून टाकील.

स्थानिक गाडी पाहताना एमएच ०४, ०५, ४३ किंवा ४६ यांपैकी कोणतेही पासिंग चालेल. कर्ज फिटले असेल तर फॉर्म ३५ देऊन आरसीवरील हायपोथिकेशन, म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या हक्काची नोंद, उतरवले आहे का, हे पाहा. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेण्यापूर्वी गाडीवरील थकित ई-चलने विक्रेत्याकडून भरून घ्या. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या आणि त्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची सवलत) आपल्याला मिळेल या भ्रमात राहू नका, तो जुन्या मालकाचाच असतो.

आपण निवडलेल्या प्रकारच्या गाड्यांना एक विशेष धोका असतो : त्या हौशी लोकांच्या हातून आलेल्या असतात. रीमॅप केलेले (संगणकीय मांडणी बदलून शक्ती वाढवलेले) इंजिन, बदललेला एक्झॉस्ट, खाली केलेले स्प्रिंग यांची चौकशी अवश्य करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मनाला येईल तसे फेरफार करता येत नाहीत, आणि अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करते. मूळ भाग विक्रेत्याने जपून ठेवले असतील तर ते सौद्यात मागून घ्या.

आणि पाणी. विटावा येथील रेल्वेपुलाखाली पावसात काय होते, ते आपण रोज पाहता. तशा पाण्यात बुडून निघालेल्या गाड्या धुऊनपुसून दिवाळीच्या सुमारास बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून टोकाला चिखलाचा डाग आहे का ते पाहा, आसनांच्या खालच्या पट्ट्यांवर गंज आहे का ते पाहा, डिकीतील स्टेपनी उचलून तिच्याखाली हात फिरवा. सुगंधी फवारा जास्त मारलेला असेल तर संशय वाढवा.

कासारवडवलीकर :

सेदानही बाद. ऐरोलीत एक पहिल्या मालकाची २०१८ची बलेनो आरएस आहे, ती या रविवारी पाहणार आहे. अबार्थची ओढ सुटलेली नाही, परंतु मुलीच्या शाळेच्या वेळा आणि सुट्या भागांची वाट या दोन गोष्टी एका घरात जमणार नाहीत.

खाडीपलीकडचा :

छान. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की तुम्ही येण्यापूर्वी गाडी सुरू करू नये. तुम्ही पोहोचल्यावर बॉनेट गरम लागले तर चक्कर मारू नका, दुसरी वेळ मागा. थंड इंजिनाचा पहिल्या मिनिटातील आवाज आणि एक्झॉस्टचा धूर पाहायलाच हवा. चाचणी पाम बीच रस्त्यावर घेण्याचा आग्रह होईल, कारण तेथे प्रत्येक गाडी चांगलीच वाटते. तुम्ही ती रबाळे एमआयडीसीच्या आतल्या खडबडीत रस्त्यावर, काचा खाली करून आणि संगीत बंद ठेवून, आधी दुसऱ्या गिअरमध्ये चालवून पाहा.