मदत हवी आहे: 'हाउस ऑफ लीव्ह्ज' कशी वाचावी?

मार्क डॅनियलेव्स्कीची 'हाउस ऑफ लीव्ह्ज' (२०००) कुणी शेवटपर्यंत वाचली आहे का? माझं लक्ष पटकन उडतं, आणि ही कादंबरी तर मुद्दाम वाट चुकवते.

कादंबरीतल्या नेव्हिडसन नावाच्या छायाचित्रकाराचं घर बाहेरून मोजलं त्यापेक्षा आतून पाव इंच जास्त भरतं. फक्त पाव इंच! तेवढ्यानेच अंगावर काटा आला. पण ही हकीकत येते झाम्पानो नावाच्या अंध म्हाताऱ्याच्या लिखाणातून, त्यावर ते लिखाण हाती लागलेल्या जॉनी ट्रुअंट या तरुणाच्या तळटिपा. त्याची एकेक टीप पानंच्या पानं चालते; परत वर येईपर्यंत मूळ वाक्य विसरलेलं असतं. नवव्या प्रकरणात मजकूर आडवा, उलटा होतो, पुस्तक हातात फिरवावं लागतं. तिथे मी तीनदा थांबले.

सोडायची अजिबात इच्छा नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवते, दोन बुकमार्क वापरते, एक मजकुराला, एक टिपांना.

तळटिपा तिथल्या तिथे वाचाव्यात, की आधी घराची गोष्ट सलग? नुसत्या नावांच्या लांबलचक याद्या गाळल्या तर काही निसटेल का? आणि परिशिष्टातली जॉनीच्या आईची पत्रं मध्येच वाचावीत का? ज्यांनी वाचली आहे त्यांनी कृपया आपला क्रम सांगा, शेवट मात्र सांगू नका.