पिकअप घ्यायचाय: ट्रेलर जोडल्यावर खरं ॲव्हरेज किती पडतं?

नमस्कार मंडळी,

आम्ही टेक्सासात, ऑस्टिनच्या उत्तरेला राहतो. जुनी एसयूव्ही काढून फुल-साइज पिकअप घ्यायचं पक्कं झालंय. घोडं अडलंय ते इंजिनावर.

वापर असा: रोज ऑफिस, सुट्ट्यांत साडेपाच हजार पाउंडांचा कॅम्पिंग ट्रेलर, आणि गणपतीत मंडळाचं सामान. मखराचे चार बाय आठचे प्लायवूड दरवर्षी कुणाच्या तरी गाडीच्या टपावर बांधून नेतो आणि हायवेवर जीव मुठीत धरून बसतो. ते आता बंद करायचंय.

यादीत तीन आहेत: फोर्ड एफ-१५० चं २.७ लिटर इकोबूस्ट (टर्बो पेट्रोल), त्याचंच पॉवरबूस्ट हायब्रिड (पेट्रोल आणि इलेक्ट्रिक मोटर), आणि शेवरोले सिल्व्हराडोचं ३ लिटर डिझेल. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये शोरूममधल्या काचेवरच्या स्टिकरवर इकोबूस्टला गॅलनला २१ मैलांच्या आसपास, बाकी दोघांना २४ च्या आसपास. वर्षाला १५,००० मैल धरले तर २१ ने ७१४ गॅलन लागतात, २४ ने ६२५. गॅलन तीन डॉलरचा धरला तरी वर्षाला २७० डॉलरसुद्धा वाचत नाहीत. मग हायब्रिडचे जास्तीचे पैसे वसूल कधी होणार?

तरी हायब्रिड मनातून जात नाही, कारण हौद्यातले (मागच्या सामानाच्या जागेतले) विजेचे प्लग. ७.२ किलोवॉटचा पर्याय घेतला तर २०२१ च्या फेब्रुवारीसारखी वीज गेली तरी फ्रिज आणि हीटर चालेल. त्या थंडीत इथे राहिलेल्यांना ही चैन वाटणार नाही.

दुसरी काळजी आईची. ती दरवर्षी येते, गुडघे दुखतात. शोरूममध्ये तिने एका हाताने दाराजवळचं हँडल धरलं, दुसऱ्याने निऱ्या सावरल्या, पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच थांबली. रॅम १५०० मध्ये एअर सस्पेन्शन (हवेवर उंची बदलणारं) घेतलं तर गाडी चढण्या-उतरण्यासाठी खाली बसते, म्हणून तोही बघावा असं मी म्हणते. कुणी वापरलंय का? आणि ट्रेलर ओढताना खरं ॲव्हरेज किती, ते कृपया अनुभवाने सांगा.

प्रतिसाद

आमच्याकडे २.७ इकोबूस्ट आहे. रिकामी गाडी हायवेला २२-२३ देते, तुमच्याएवढा ट्रेलर जोडला की ९-१०. हायब्रिड आणि डिझेलवाल्या मित्रांचेही आकडे ओढताना पडतातच, डिझेलचे त्यातल्या त्यात कमी घसरतात. कॅम्पिंग ट्रेलरचा सपाट चेहरा वारा अडवतो, त्याचा फटका वजनापेक्षा मोठा. ७५ ऐवजी ६५ ने चालवा, लगेच फरक दिसेल. एकसारख्या वेगात हायब्रिडच्या इलेक्ट्रिक मोटरला फारसं काम उरत नाही. तिची खरी कमाई शहरातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये.

म्हणून मी ॲव्हरेजपेक्षा टाकी आधी बघेन. २६ गॅलनची टाकी आणि १० चं ॲव्हरेज म्हणजे २०० मैलांनंतर पंप शोधायला लागायचं. पश्चिम टेक्सासातल्या बिग बेंड नॅशनल पार्कच्या बाजूला ते जिवावर येतं. एफ-१५० ला ३६ गॅलनची टाकी मिळते, ती घ्याच. हायब्रिडला ३०.६ ची येते.

प्लायवूडचं टेन्शन नको. चाकांच्या कमानींमध्ये चार फुटी प्लाय आडवा सपाट बसतो. साडेपाच फुटी हौद्यात मागे अडीच फूट बाहेर राहतो, टेलगेट (हौद्याचं मागचं झाकण) उघडं ठेवून पट्ट्यांनी आवळा आणि लाल फडकं बांधा.

आईंसाठी रॅम जरूर बघा, पण त्यांनाच बसवून. इतर गाड्यांना खाली उतरणाऱ्या इलेक्ट्रिक पायऱ्या मिळतात, त्याही चालतील.

आता महत्त्वाचं. ड्रायव्हरच्या दारातल्या चौकटीवर पिवळं स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पाउंड चालतात ते लिहिलेलं असतं. तुमच्या ट्रेलरचे हिचवर (जोडायच्या हुकावर) सहज ७०० पाउंड येतील, वर पाच माणसं आणि कूलर. हायब्रिड आणि वरच्या ट्रिमची (महागड्या व्हेरियंटची) गाडी स्वतःच जड, तिथे हा आकडा बराच कमी निघतो. जाहिरातीतल्या टोइंगच्या (ट्रेलर ओढण्याच्या क्षमतेच्या) आकड्याआधी हाच संपतो. ज्या गाडीवर मन बसलंय तिच्या स्टिकरचा फोटो काढा आणि आकडा इथे टाका, मग हिशेब करून सांगतो.