विम, निओविम की हेलिक्स? सेटिंग्ज आणि मराठी टंकलेखनाच्या दृष्टीने

प्रश्न
सर्व्हरवरील फायली दुरुस्त करण्यासाठी आणि मराठी लेखनासाठीही मी विम हे एडिटर (मजकूर लिहिण्या-सुधारण्याचे सॉफ्टवेअर) वापरतो. नव्या लॅपटॉपवर निओविम किंवा हेलिक्स हे तशाच प्रकारचे एडिटर घ्यावे का, असा विचार चालू आहे. माझी जुनी सेटिंग्जची फाइल तेथे कितपत चालेल? शिवाय इनस्क्रिप्ट (देवनागरीची कीबोर्ड-मांडणी) चालू असताना नॉर्मल मोडमध्ये, म्हणजे कळा अक्षरांऐवजी आज्ञा म्हणून चालतात त्या अवस्थेत, आज्ञा चालत नाहीत, ही अडचण यांपैकी कशात सुटते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
निओविम ही विमचीच 2014 मध्ये फुटलेली शाखा असल्यामुळे जुन्या विमस्क्रिप्टमधील (विमच्या सेटिंग्जच्या भाषेतील) बहुतेक सेटिंग्ज तेथे तशाच चालतात. मात्र 2022 च्या विम 9 बरोबर आलेल्या नव्या स्क्रिप्टभाषेत फाइल लिहिली असेल, तर ती निओविमला वाचता येणार नाही. शोधलेले शब्द ठळक दाखवणे किंवा आधीच्या ओळीइतका समास आपोआप सोडणे अशा कित्येक गोष्टी निओविममध्ये मुळातच चालू असतात, त्यामुळे फाइल बरीच आटोपशीर होते.

हेलिक्सचे व्याकरणच उलटे आहे. विममध्ये शब्द खोडताना आधी डी आणि मग डब्ल्यू दाबतो. हेलिक्समध्ये आधी डब्ल्यूने मजकूर निवडायचा आणि मग डीने तो खोडायचा. काय खोडले जाणार आहे ते आधी डोळ्यांना दिसते, हा मला त्याचा खरा मोठा गुण वाटतो. परंतु तुम्हाला रोज सर्व्हरवर काम करायचे आहे आणि तेथे बहुधा विम किंवा त्याचा पूर्वज व्हीआयच हाती येते, त्यामुळे दोन उलट सवयी एकाच वेळी जपणे जड जाईल.

प्रतिसाद २
इनस्क्रिप्टची अडचण यंत्रणेचा कीबोर्ड बदलल्यामुळे उद्भवते: डी दाबल्यावर एडिटरला हलन्त मिळतो, जे आणि के दाबल्यावर र आणि क मिळतात. म्हणून यंत्रणेचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवावा आणि देवनागरीची जुळणी विमच्या कीमॅप फाइलमध्ये (कोणत्या कळीने कोणते अक्षर, याच्या यादीत) लिहावी. ही जुळणी इन्सर्ट मोडमध्ये (मजकूर टंकण्याच्या अवस्थेत) आणि शोधशब्द टंकताना लागू होते, नॉर्मल मोडमधील आज्ञांना ती स्पर्श करत नाही. इन्सर्ट मोडमध्ये कंट्रोल आणि ^ दाबून ती चालू-बंद करता येते. निओविममध्येही हीच सोय आहे. हेलिक्समध्ये अशी तयार सोय नाही, आणि मराठी लिहिणाऱ्यासाठी मी एवढ्याच कारणाने ते बाजूला ठेवीन.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. मग टर्मिनलमध्ये (विम ज्यात चालते त्या आज्ञांच्या खिडकीत) जोडाक्षरे विस्कटतात आणि कर्सर भलत्याच जागी दिसतो, तेही कीमॅपने सुटेल का?

प्रतिसाद २
नाही. टर्मिनल अक्षरे ठरावीक रुंदीच्या चौकटींत बसवते, म्हणून तो दोष विम आणि निओविम दोन्हींत दिसेल. लांब मराठी लेखांसाठी ईमॅक्स या आणखी एका एडिटरची खिडकीवाली (टर्मिनलबाहेर चालणारी) आवृत्ती वापरून पाहावी. 27 व्या आवृत्तीपासून ती जोडाक्षरांसाठी हार्फबझ (अक्षरे नीट जुळवून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरू शकते, तिच्यात देवनागरी इनस्क्रिप्ट अंगभूत आहे, आणि ईव्हिल हे विस्तारक जोडल्यास विमच्या आज्ञा मिळून नॉर्मल मोडमध्ये देवनागरी आपोआप बंद होते. सर्व्हरच्या कामासाठी मात्र विमच ठेवावे.