आक्राचा डिसेंबर नेमका कुणाचा?

टेमाकर (टेमा, घाना)

डिसेंबर लागला की इथे सहाराकडून हरमाटानचा कोरडा, धुळीचा वारा सुटतो, ओठ फुटतात, आणि आक्राच्या कोटोका विमानतळावर लंडन, न्यूयॉर्क, अटलांटा, टोरांटोहून माणसांचा लोंढा उतरतो. परदेशी गेलेले घानावासी, त्यांची तिकडेच जन्मलेली मुलं, आणि ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून अमेरिकेत नेले गेले ते आफ्रिकन-अमेरिकन. मग नवं वर्ष उजाडेपर्यंत रोज रात्री मैफली, किनाऱ्यावर पार्ट्या, फॅशन शो, लग्नं. घानाची राजधानी आक्रा काय, नायजेरियातलं लागोस काय, या धामधुमीला सगळे 'डेटी डिसेंबर'च म्हणतात.

यामागे सरकारचा मोठा हात आहे. व्हर्जिनियात १६१९ साली पहिले आफ्रिकन गुलाम उतरवले गेले, त्याला ४०० वर्षं होत होती. ते निमित्त साधून अध्यक्ष नाना अकुफो-अडो यांनी २०१८ साली वॉशिंग्टनमध्ये २०१९ हे 'परतीचं वर्ष' जाहीर केलं. त्या वर्षी ११ लाखांवर परदेशी प्रवासी आले. यातून १.९ अब्ज डॉलर अर्थव्यवस्थेत आल्याचं पर्यटनमंत्र्यांनी सांगितलं. लगेच पुढच्या दहा वर्षांची योजनाही आली.

माझा आक्षेप येणाऱ्यांवर नाही. त्यांच्यासाठी जे शहर उभं केलं जातं, त्यावर आहे. २०२४ साली घानात किमान रोजंदारी १८.१५ सेडी (घानाचं चलन) होती. मोठ्या मैफलीचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढायचं तर कित्येक दिवसांची रोजंदारी जाते. आमच्या ऑफिसात अकाउंट्सला असलेली मुलगी आक्राच्या ओसू भागात भाड्याने राहायची. मुदत संपताच घरमालकाने खोली रिकामी करून घेतली आणि डिसेंबरात तीच खोली रात्रीच्या भावाने पाहुण्यांना दिली, तीही डॉलरमध्ये. ती आता रोज पहाटे साडेचारला उठून दोन ट्रोट्रो (खाजगी मिनीबस) बदलत कामाला येते. तिच्याच शहरातला सण, आणि तिलाच त्यात जागा नाही. हे मला पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

इलुपेजूवाला (लागोस)

तुमच्या सहकारी मुलीबद्दल वाईट वाटलं, पण चित्र एकाच बाजूचं रंगवलंय.

मी लागोसच्या इलुपेजू भागात राहतो, छपाईच्या धंद्यात आहे. ऑक्टोबरपासून आमच्याकडे बॅनर, पासेस, मनगटी पट्ट्या, लग्नपत्रिका यांच्या ऑर्डरी सुरू होतात. अख्ख्या वर्षाची भरपाई या तीन महिन्यांत होते. आणि हे माझ्यापुरतं नाही. शिंपी, मेकअप करणाऱ्या मुली, जनरेटर भाड्याने देणारे, ड्रायव्हर, सुया (काडीला लावून भाजलेलं मसालेदार मांस) विकणारे, ड्रमवाले या सगळ्यांची चूल डिसेंबरच्या जोरावर पेटते. विझकिड, डेव्हिडो, बर्ना बॉय यांच्यासारख्या गायकांचा डिसेंबरातला कार्यक्रम म्हणजे स्टेजमागे शेकडो माणसांचं काम. लागोस राज्य सरकारने २०२४ च्या डिसेंबरसाठी ७ कोटी डॉलरहून जास्त उत्पन्नाचा आकडा दिला आहे. सरकारी आकडा थोडा फुगलेला धरा हवं तर. पण बाजारात पैसा फिरतो तो आम्हाला डोळ्यांनी दिसतो.

२०२३ च्या जूनमध्ये सरकारने नायरा (आमचं चलन) मोकळा सोडला, तेव्हा डॉलरला साडेचारशेच्या आसपास मिळायचे. पुढच्या वर्षी पंधराशेपर्यंत गेले. अशा काळात बाहेरून पाउंड-डॉलर घेऊन माणसं घरी येतात, तर त्यांना नाकं कशासाठी मुरडायची? भाडी वाढली ती घरमालकाच्या हावेने. पाहुण्याचा त्यात काय दोष?

रत्नागिरीकर

आफ्रिकेतलं मला फारसं ठाऊक नाही. पण गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा आमच्या वाडीत हेच होतं. दहा दिवस घरं उघडतात, मासळी महागते, रिक्षावाला दुप्पट सांगतो. मग कुलपं लागतात, आणि मागे उरतात ती म्हातारी माणसं आणि त्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या. तरी त्यांनी येऊच नये असं कुणाला वाटत नाही, कारण घराच्या पडवीचे पत्रे त्यांच्याच पैशाने बदललेले असतात. टेमाकरांचं म्हणणं मला समजतं, पण इलाज काय हे त्यांनी सांगितलेलं नाही.

पेकहॅमची शेजारीण (लंडन)

मला या चर्चेत एक गोष्ट खटकतेय. 'डॉलरवाले पाहुणे' असं म्हटलं की डोळ्यासमोर श्रीमंत माणूस येतो. माझ्या मजल्यावर घानाची एक बाई राहते. रुग्णालयात नर्स आहे. वर्षभर रात्रपाळ्या आणि जास्तीच्या पाळ्या करते. सप्टेंबरात तिच्या दिवाणखान्यात निळं प्लॅस्टिकचं पिंप येऊन बसतं. त्यात तांदूळ, तेल, टोमॅटोचे डबे, साबण, भाच्यांचे बूट, कुणाच्या तरी बाळाचे डायपर असं एकेक जमत जातं. बूट डब्यातून काढून त्यात मोजे कोंबायचे, म्हणजे जागा वाया जात नाही, हे तिनेच मला दाखवलं. ऑक्टोबरात पिंप जहाजाने रवाना होतं, म्हणजे नाताळच्या आत टेमाला लागतं. त्याच टेमाला, जिथे आपले धागाकर्ते नोकरी करतात. ती स्वतः मात्र दरवर्षी जात नाही, कारण डिसेंबरातलं तिकीट परवडत नाही.

जायला जमलं नाही की तिचा नाताळ ओल्ड केंट रोडवरच्या गोदामात होतो. तिथे एकेका गोदामात चर्च भरतं, कधी एकाच इमारतीत दोन-तीन. ३१ डिसेंबरच्या रात्री सगळे पांढऱ्या कपड्यांत. मध्यरात्रीपर्यंत प्रार्थना, मग जोलोफ भाताची पातेली उघडतात. मला दोनदा बोलावलं होतं, गेले होते. हा समाज डिसेंबरात मौजच करतो असं वाटणाऱ्याने ती रात्र बघावी.

नायजेरियात परदेशस्थ लोक दरवर्षी २० अब्ज डॉलरच्या आसपास पाठवतात. त्यांनी वर्षातून एकदा घरी येऊन चार रात्री नाचायचं ठरवलं, तर त्यांना शहर महाग केल्याचं बिल लावू नका.

टेमाकर

@पेकहॅमची शेजारीण, नर्सबाईंचं सगळं मान्य. पण तुम्ही माझीच बाजू मांडलीत! जिच्या पिंपावर इथलं घर चालतं तिला डिसेंबरात यायला परवडत नाही, आणि सरकारची जाहिरात मात्र आलिशान हॉटेलात उतरणाऱ्यासाठी. मग हा उत्सव कुणासाठी आखलाय?

@रत्नागिरीकर, इलाज आहे, नवा शोधायचीही गरज नाही. घानाच्या १९६३ च्या भाडे कायद्यात घरमालकाला सहा महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही. प्रत्यक्षात एक-दोन वर्षांचं सर्रास मागतात, आणि नाही दिलं तर खोली पाहुण्यांकडे. हा कायदा डिसेंबरात राबवा, एवढंच माझं मागणं आहे. दुसरं म्हणजे, किनाऱ्यावरच्या मैफलींपैकी काही तरी विनातिकीट करा. २०२२ च्या डिसेंबरात इथे महागाई ५४ टक्क्यांवर गेली, देशाने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. त्याच महिन्यात शहरभर मोठमोठे फलक लागले होते मैफलींचे. कोपऱ्यावरची वाचे विकणारी बाई (वाचे म्हणजे ज्वारीची पानं घालून लालसर शिजवलेला चवळी-भात) पानात वाढताना दर आठवड्याला अर्धा डाव कमी करत होती. भाव वाढवला तर गिऱ्हाईक तुटेल म्हणून.

अटलांटावासी

मी इथे शाळेत शिकवते. बरेचसे सहकारी आफ्रिकन-अमेरिकन आहेत, आणि चाकरमान्यांची तुलना त्यांना लागू पडत नाही. चाकरमान्याला वाडी माहीत असते, घराचा उंबरा माहीत असतो. नायजेरियाच्या पूर्वेकडच्या इग्बो समाजातला माणूस लंडनहून येतो तोही स्वतःच्या गावी, स्वतःच्या भाऊबंदांत. माझ्या सहकारी बाईंना मात्र आपलं गाव, भाषा, आडनाव यांतलं काहीच ठाऊक नाही. ते हिरावून घेतलं गेलं. त्या कुठे परतणार?

त्या घानाला गेल्या आणि आधी असिन मान्सोला गेल्या. किनाऱ्यावर नेण्याआधी बंदिवानांना तिथल्या नदीत शेवटची आंघोळ घालत. १९९८ साली जमैका आणि अमेरिकेतून दोन गुलामांचे अवशेष आणून तिथे पुरले आहेत. मग केप कोस्टचा किल्ला, जिथून गुलामांना जहाजावर चढवत. तळघरातून एक दार समुद्राकडे उघडतं, त्यावर 'न परतीचं दार' लिहिलंय. बाहेर जाऊन वळून पाहिलं की त्याच दारावर 'परतीचं दार' अशी पाटी. त्या मला म्हणाल्या की दारातून पुन्हा आत येताना पाय लटपटले. संध्याकाळी आक्रात येऊन त्या नाचल्या, आणि त्याबद्दल त्यांना कणभरही अपराधी वाटलं नाही.

घरी असतील तेव्हा त्या २६ डिसेंबर ते १ जानेवारी क्वान्झा हा आफ्रिकन-अमेरिकनांचा सण पाळतात. सात मेणबत्त्या, रोज एक. १९६६ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेला, फार जुना नाही. तो का निर्माण करावा लागला, हे कळलं की आक्राच्या विमानाची गर्दी का होते तेही कळतं.

सदाशिव पेठ

भावना समजल्या, पण मूळ प्रश्न कुणी विचारतच नाहीये. सकाळी गुलामांचं तळघर आणि रात्री दारूची पार्टी, हे एकाच पॅकेजमध्ये विकणं योग्य आहे का? दुःखाचा बाजार मांडून देशाने परकीय चलन मिळवायचं? हा स्मरणाचा अपमान आहे. मला हे किळसवाणं वाटतं.

अटलांटावासी

@सदाशिव पेठ, तुम्ही स्मरण म्हणजे सुतक असं धरून चालला आहात. घानात अंत्ययात्रेला लाल-काळी वस्त्रं नेसून, रस्त्यात मांडव घालून, वाद्यं लावून लोक नाचतात. मेलेल्याचा मान त्यातच आहे, असं तिथले लोक मानतात. आपल्या सुतकाचे नियम त्यांना लावायचा आपल्याला काय अधिकार?

टेमाकर

शनिवारी रस्ता बंद असेल तर इथे बहुधा अंत्यविधीच असतो. या मुद्द्यावर अटलांटाताईंशी पूर्ण सहमत.

आणि परतणाऱ्यांचा हक्क मी नाकारत नाही, हे पुन्हा सांगतो. ड्यू बॉईस यांच्यासारखा मोठा आफ्रिकन-अमेरिकन विचारवंत १९६१ साली घानाचे पहिले अध्यक्ष एन्क्रुमा यांच्या बोलावण्यावरून आक्रात आला, १९६३ साली इथेच वारला, इथेच पुरला गेला. २०१९ च्या नोव्हेंबरात १२६ जणांना नागरिकत्व दिलं, २०२४ मध्ये ५२४ जणांना. ही खरी परत येण्याची गोष्ट. इथे राहायचं, शेजार करायचा, पाणी गेलं की आमच्यासारखीच बादली भरायची. पण सरकार सगळा जोर महिनाभराच्या मैफलींवर लावतं, कारण तिथे पैसा लवकर दिसतो.

इलुपेजूवाला

महिनाभराच्याच म्हणत असाल तर इग्बोंचं उदाहरण घ्या. डिसेंबरच्या मध्यात लागोस अर्धं रिकामं होतं. बसची भाडी दुप्पट-तिप्पट, तरी लोक पूर्वेकडे निघतात. ओनित्शाजवळ नायजर नदीच्या पुलावर ही कोंडी! दुसरा पूल पुरा व्हायचा होता तरी २०२२ च्या डिसेंबरात तो तात्पुरता उघडावा लागला, केवळ नाताळच्या गर्दीसाठी. गावात पोचल्यावर मुखवट्यांचे नाच, लग्नं, आणि गावसंघाची बैठक. त्या बैठकीत कुणी किती वर्गणी द्यायची ते ठरतं. शाळेचं छप्पर, रस्ता, विहीर. परदेशातला, लागोसचा, गावचा, सगळे एका मांडवात बसतात आणि वर्गणी चुकवणाऱ्याचं नाव सर्वांसमोर घेतलं जातं. हाही महिनाभराचाच डिसेंबर आहे. पण मार्चमध्ये कुणी आलं काय नि नाही आलं काय, शाळेवर छप्पर असतं.

टेमाकर

हेच मला हवं आहे! आक्रात येणाऱ्याला कुणी वर्गणी मागत नाही, कारण त्याला कुठल्या मांडवात बसवायचं हेच कुणी ठरवलेलं नाही. तिकीट विकलं की संबंध संपला. ज्यांचं गाव हरवलं त्यांना तर हे अधिक हवं. अटलांटाताईंच्या सहकारी बाई एखाद्या मोहल्ल्याच्या शाळेशी जोडल्या गेल्या, तर पुढच्या डिसेंबरात त्या पाहुण्या नसतील.

पेकहॅमची शेजारीण

नाही पटलं. माझ्या शेजारणीच्या डोक्यावर वर्षभर वर्गणीच असते. आईचं औषधपाणी, भाच्याची फी, चर्चचा दशांश, गावाकडच्या मयतीचा खर्च. एक महिना तरी तिला कुणी काही मागू नये, ती नुसती यावी आणि नाचावी, असं मला मनापासून वाटतं. परतणाऱ्याकडून कायम देणंच अपेक्षित ठेवलं, तर तिचं येणंही एक पाळीच होऊन बसेल.

टेमाकर

हा मुद्दा वजनदार आहे, आणि ज्यांनी जन्मभर दिलंय त्यांना त्यातून मोकळं ठेवावं, हे मान्य. वर्गणी तिकिटावर लावा, आयोजकांकडून घ्या, हॉटेलांकडून घ्या. नर्सबाईंकडून नको. पण भाडे कायद्यावरून मी हटणार नाही. ओसूची ती खोली जानेवारीत रिकामी पडली होती, महिनाभर कुलूप. आमच्या मुलीने पुन्हा विचारलं, तर घरमालकाने दोन वर्षांचं आगाऊ मागितलं.